'बांबूचं कापड' म्हणजे नक्की काय, ते पण छापा की!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही केळी, बांबू, संत्र्याची साल, दूध, कमळ असल्या कशाकशापासून बनणाऱ्या कापडांवर पानभर लेख छापलात. फोटो एकदम भारी होते, वाचायला मजा पण आली, पण दुसऱ्या दिवशी माझ्या क्रोशेच्या क्लासला येणाऱ्या बायकांनी तो कागद पुढ्यात ठेवून जे प्रश्न विचारले त्यातल्या एकाचंही उत्तर त्या पानावर नव्हतं, म्हणून हे पत्र. लांबलंय जरा, कापायचं तिथं कापा, पण बांबूचा भाग तेवढा कापू नका.

माझी तक्रार एवढीच की तुम्ही सगळ्यांना एका माळेत ओवलंय. केळीचं कापड आणि बांबूचं कापड शेजारी शेजारी चौकटीत, दोन्हीवर 'नैसर्गिक' असा हिरवा शिक्का, आणि खाली कमळ नि दूध. अहो, यातल्या काही वस्तूंचा धागा झाडात आयताच असतो, माणसानं फक्त तो सोडवून घ्यायचा, म्हणजे आपण ज्याला वाख काढणं म्हणतो ते. आणि बाकीच्यांत झाडाचा नाहीतर खाण्याच्या वस्तूचा लगदा केमिकलमध्ये विरघळवतात आणि तो पाक बारीक भोकांतनं दाबून त्याचा नवीन धागा ओढतात. हे दोन धंदेच वेगळे आहेत, खर्च वेगळा, पाणी वेगळं, प्रदूषण वेगळं, अंगावर घातल्यावर लागतं ते पण वेगळं. हा फरक लेखात एका ओळीत जरी आला असता तरी मी गप्प बसले असते.

वाखाचं आपल्या माणसाला काय सांगायचं म्हणा. अंबाडीची भाजी आपण खातो, तिचीच खोडं पाण्यात कुजत घालायची, साल सुटली की धुवून वाळवायची आणि त्याचा दोर वळायचा, हे आमच्या आजोळी मी डोळ्यांनी बघितलंय. तो पाण्याचा वास दोन शेतं पलीकडं येत होता, लहानपणी आम्ही नाक धरून पळायचो. बेंदराला बैलांना नवी वेसण, नवा कासरा, दावी सगळी वाखाची नाहीतर घायपाताची असायची, आता बाजारात रंगीबेरंगी नायलॉन. जवसाचं तसंच. आपण जवसाची चटणी खातो पण लिनन म्हणून जे महागाचं शर्टपीस दुकानात मिळतं ते जवसाच्याच खोडाच्या वाखाचं, हे माझ्या क्लासमधल्या निम्म्या बायकांना माहीत नव्हतं. (बियांसाठी लावतात तो जवस बुटका आणि फांद्यांचा, धाग्यासाठी लावतात तो उंच सरळ, त्यामुळं उद्या कोणी चटणीच्या जवसातनं लिनन काढायला जाऊ नये.) म्हणजे खाण्याच्या झाडापासून कापड यात नवल असं काही नाही, माणूस हजारो वर्षं हेच करतोय. पहिल्या महायुद्धात जर्मनीला कापूस मिळेना तर त्यांनी अंगाला लागली की आग होणाऱ्या खाजकुयलीसारख्या झुडपाच्या वाखाचे सैनिकांचे गणवेश केले होते.

तुमच्या लेखात अननसाला दोनच ओळी दिल्यात, खरं तर सगळ्यात बघण्यासारखं काम ते. फिलिपिन्समध्ये कालिबो म्हणून गाव आहे, तिथं अननसाच्या पानावरचा गर फुटक्या चिनी मातीच्या बशीच्या धारेनं खरवडतात, वरचा जाड वाख निघाला की आतला तलम थर नारळाच्या करवंटीनं हळू हळू खरवडायचा, दाब जास्त पडला की तुटलं. मग धुवायचं, वाळवायचं, आणि एकेक तंतू हातानं गाठ मारून पुढच्याला जोडायचा. सूत कातत नाहीत, गाठी मारत जातात, हे ज्यांनी क्रोशे केलंय त्यांनाच कळेल किती डोकेदुखी आहे, आम्ही दोन लोकरी जोडताना एक गाठ लपवायला धडपडतो. त्यांचा तो पारदर्शक लग्नातला शर्ट, बारोंग, तो या कापडाचा. २०२३ ला युनेस्कोनं या विणकामाला वारशाच्या यादीत घेतलं. जपानच्या ओकिनावात केळीच्या जातीच्या झाडाचं कापड विणतात, एका किमोनोच्या ताग्याला साधारण २०० झाडं लागतात असं सांगतात. म्यानमारमध्ये इनले तळ्यावर कमळाचे देठ मोडून, दोन्ही तुकडे अलगद लांब करत जे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू निघतात ते ओल्या पाटावर तळहातानं वळत वळत सूत करतात, आणि देठ वाळायच्या आत हे सगळं उरकायला लागतं. आता मला सांगा, एवढ्या मेहनतीचं कापड आपल्या प्रदर्शनात पाचशे रुपयाला ओढणी म्हणून मिळंल का? आमच्या एका ओळखीच्या बाईनं 'लोटस सिल्क' म्हणून घेतलीय अशी ओढणी, ती हौसेनं दाखवायला आली, मी काही बोलले नाही.

आता केळीचं. हे आपल्या कामाचं आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. केळीचं झाड एकदाच व्यालं की संपलं, घड उतरवला की खांब तोडून बांधावर टाकायचा नाहीतर पैसे देऊन काढून न्यायला लावायचा, हे जळगावकडं काय आणि आपल्याकडं काय सारखंच. त्या खांबाचा एकेक सोप वेगळा करून मशीनच्या फिरत्या ड्रमवर धरला की गर निघून जातो आणि पांढरट पिवळे लांब लांब वाख हातात येतात. फुलवाले हार ओवायला सोपटाचा दोरा वापरतात त्यात तोच वाख असतो, फक्त गर तसाच ठेवलेला. नवसारीच्या कृषी विद्यापीठानं यावर बरंच काम केलंय. पण खांबात जवळजवळ सगळं पाणीच असतं, शंभरातले नव्वद भाग, त्यामुळं ट्रॉली भरून खांब आणले तरी हातात वाख येतो तो थोडकाच. शिवाय तो वाहून न्यायचा म्हणजे पाणीच वाहून न्यायचं, मशीन शेतात नेलं तरच परवडतंय.

माझा धाकटा भाऊ इचलकरंजीत माग चालवतो, त्याला मी विचारलं की केळीचं सूत तुम्ही का नाही लावत, तर तो हसायलाच लागला. म्हणाला, "अक्का, सुळझरवर, म्हणजे आमच्या वेगात चालणाऱ्या मागावर, हे घातलं तर मिनिटाला धागा तुटंल आणि मागावरचा माणूस मला शिव्या घालंल." त्यानं जे समजावलं ते असं, की उभ्या धाग्याला ताण सहन व्हायला पाहिजे आणि लवचिक पण पाहिजे, सायझिंग करून, म्हणजे खळ लावून सुद्धा केळीचा वाख ताठ तो ताठच राहतो, वाकवला की मोडतो, त्यातला डिंकासारखा चिकट भाग काढून तो कापसासारखा मऊ केला आणि कापसात मिसळून कातला तरच तो मागावर चालतो, आणि तो सुद्धा बहुतेक आडव्या धाग्याला. उभा कापूस, आडवी केळी. म्हणजे 'शंभर टक्के केळीची साडी' म्हणून कोणी गुळगुळीत, चमकणारी, अंगावरनं सरकणारी साडी विकत असेल तर दहा वेळा विचार करा. खरं केळीचं हातमागाचं कापड जरा खरखरीत, तागाच्या जवळ जाणारं लागतं, चमक असते पण ती रेशमासारखी नाही. हे तुमच्या लेखात पाहिजे होतं, कारण तुम्ही फोटो छापलाय तो मात्र मस्त सळसळीत साडीचा.

बांबूकडं येते. बांबूचा पण वाख काढता येतो, पण तो राठ आणि महाग, बाजारात तो जवळजवळ दिसतच नाही. बाजारात जे मऊ मऊ टीशर्ट, मोजे, लहान बाळांचे टॉवेल 'बांबू' म्हणून मिळतात ते व्हिस्कोस असतं, म्हणजे आपल्या आयांच्या काळापासूनचं रेयॉनच. बांबूचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवायचा, मग कार्बन डायसल्फाइड म्हणून एक भयंकर केमिकल घालायचं, त्याचा मधासारखा दाट पाक होतो, तो बारीक भोकांतनं गंधकाच्या ॲसिडमध्ये सोडला की धागा घट्ट होतो. ही पद्धत १८९२ ची, इंग्लंडमध्ये शोधलेली. त्या कार्बन डायसल्फाइडनं कारखान्यातल्या कामगारांच्या नसा आणि डोकं बिघडतं हे सुद्धा शंभर वर्षांपासून माहिती आहे. एवढं सगळं झाल्यावर त्या धाग्यात बांबूचं काय उरतं? सेल्युलोज, तेच जे निलगिरीच्या लाकडात असतं. शिरोळचा ऊस असो नाहीतर कागलचा, साखर पोत्यात पडली की कुठली ते कोण सांगणार, तसं आहे हे. बांबूच्या अंगात म्हणे जंतू मारायचा गुण असतो आणि तो कापडात उतरतो, हे तुमच्या लेखात पण आलंय, आणि ह्याच दाव्यावरनं अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी आयोगानं २००९ साली कंपन्यांना धरलं होतं, त्यांचं म्हणणं असं की असला काही गुण त्या प्रक्रियेत टिकत नाही आणि लेबलवर 'बांबूपासून केलेलं रेयॉन' असंच लिहायचं. तरी लोक सुधारले नाहीत, २०२२ ला वॉलमार्ट आणि कोल्स या दोघांना मिळून ५५ लाख डॉलर भरायला लागले याच कारणावरनं. तिथं एवढं होतं आणि आपल्याकडं पेपरच 'जंतुनाशक बांबू' छापतोय.

आणि बांबूचं रेयॉन हे काय आत्ताचं फॅड नाही. केरळात कोझिकोडजवळ मावूरला १९६३ साली रेयॉनच्या लगद्याचा कारखाना उभा राहिला, त्याला सरकारनं जंगलातला बांबू टनाला १ रुपया दरानं द्यायचं कबूल केलं होतं. टनाला एक रुपया! आपल्याकडचे बुरूड बाजारभावानं एकेक काठी घेऊन सुपं, दुरड्या, टोपल्या करत होते आणि तिकडं ही खैरात. बांबू संपत आला, चालियार नदीची वाट लागली, लोकांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली आणि २००१ ला कारखाना बंद झाला. तेव्हा त्या कापडाला कोणी पर्यावरणपूरक म्हणत नव्हतं, साधं रेयॉन म्हणत होते. पंचगंगेकाठच्या माणसाला नदीबद्दल अजून काय सांगायचं, पण उद्या कोणी सह्याद्रीत बांबू लावून इथंच 'ग्रीन फॅब्रिक'चा प्रकल्प काढतो म्हणाला तर पहिला प्रश्न पाणी कुठं सोडणार हाच विचारायचा.

सगळीच विरघळवायची पद्धत वाईट असं मी म्हणत नाही हं. लायोसेल म्हणून एक पद्धत आहे, टेन्सेल नावानं दुकानात मिळतं, त्यात लगदा विरघळवायला वापरलेलं सॉल्व्हंट जवळजवळ सगळं परत गोळा करून पुन्हा वापरतात, ते कार्बन डायसल्फाइड त्यात येतच नाही. म्हणजे बांबूचं लायोसेल पण असू शकतं, ते बरं. पण लेबलवर नुसतं 'बांबू' लिहिलं तर गिऱ्हाइकाला कसं कळणार कुठल्या पद्धतीचं आहे ते. म्हणून म्हणते, कशापासून केलं ह्याच्यापेक्षा कसं केलं ते लिहा.

दुधाचं सांगते आणि मग थांबते. आम्हा क्रोशेवाल्या बायकांत 'मिल्क कॉटन' धाग्याची सध्या नुसती क्रेझ आहे, मऊ असतो, रंग छान, छोट्या बाहुल्या आणि किचेन करायला एक नंबर. वेष्टनावर कुठं गाईचं चित्र, कुठं दुधाचा थेंब. आमच्या क्लासमधल्या एका मुलीनं विचारलं की उपासाच्या दिवशी हा धागा हातात घेतला तर चालतो का, एवढा लोकांचा विश्वास. मग आम्ही सरळ तो जाळून बघितला. जाळ अन् धूर संगटच! काळा धूर, प्लॅस्टिकसारखा वास आणि टोकाला टणक काळा मणी, बोटांनी चुरडला तरी चुरडेना. म्हणजे बहुतेक ॲक्रिलिकच. कापूस असता तर कागदासारखा जळून मऊ राख झाली असती, दुधाचं प्रोटीन असतं तर केस जळल्यासारखा वास आला असता. ज्यांच्याकडनं घेतला त्या दुकानदारांना विचारलं तर म्हणाले, "काकू, ते नाव आहे हो, मऊ लागतं म्हणून मिल्क म्हणायचं." चला, निदान खरं तरी बोलले. धागा अजून पण मी तोच वापरते, स्वस्त आहे आणि बाहुलीला काय करायचंय दूध, पण ज्या बाईनं बाळाच्या टोपड्यासाठी 'नैसर्गिक' म्हणून दुप्पट पैसे मोजले तिचं काय?

आता दुधापासून धागा खरंच होतो, थाप नाही ती. इटलीत अँटोनिओ फेरेट्टी नावाच्या माणसानं १९३५ च्या सुमाराला दुधातल्या केसीन नावाच्या प्रोटीनपासून लोकरीसारखा धागा काढला, लानिताल त्याचं नाव. इथिओपियावर हल्ला केला म्हणून इटलीवर निर्बंध आले होते, बाहेरनं लोकर येईना, मुसोलिनीला घरचंच सगळं पाहिजे होतं, त्यामुळं त्याचा मोठा गाजावाजा झाला. अमेरिकेत पण युद्धाच्या काळात असाच धागा निघाला, टोप्यांत वगैरे घातला. अडचण अशी की भिजला की ताकद जायची, आणि ओल्या कापडाला आंबलेल्या दुधाचा वास यायचा अशी तक्रार होती. आणि तो टिकाऊ करायला फॉर्मॅलिन लागायचं, तेच जे प्रयोगशाळेत बेडूक ठेवायला वापरतात. हेन्री फोर्डनं १९४१ साली सोयाबीनच्या धाग्याचा सूट घालून मिरवून दाखवलं होतं. आणि सगळ्यात मला आवडलेलं म्हणजे स्कॉटलंडमध्ये डमफ्रीजला शेंगदाण्याच्या पेंडेतल्या प्रोटीनचा धागा बनवायचा कारखाना होता, आर्डिल नावाचा धागा, लोकरीत मिसळून विकायचे, १९५७ ला बंद पडला. शेंगदाण्याची पेंड आपल्याकडं म्हशीला घालतात, आणि ती म्हैस कोल्हापुरात गंगावेशीत उभी राहून ग्लासात फेसाळ धार देते, मला विचाराल तर हा उपयोग कोटापेक्षा चांगला. गंमत सोडा, पण हिशोब बघा, मलई काढलेल्या शंभर लिटर दुधात केसीन निघतं ते साधारण तीन किलो. आपल्या जिल्ह्यात दुधाच्या दरावरनं कायम आंदोलनं होतात, तिथं त्याचं कापड करायचं म्हणजे खुळेपणा. जर्मनीत एका कंपनीनं पिण्यालायक नसलेल्या टाकाऊ दुधापासून धागा काढलाय, ते ठीक.

'टाकाऊ' वरनं आठवलं, लेखात शेवटी उसाच्या चिपाडापासून कापड करून शेतकऱ्याला जोडधंदा असं एक वाक्य टाकलंय. ओकिनावात चिपाडाचा कागद करून, त्याच्या बारीक पट्ट्या कापून, पीळ देऊन सूत करतात आणि त्याची जीन्स शिवतात हे खरंय. पण आपल्याकडं चिपाड टाकाऊ आहे हे कोणी सांगितलं? गुऱ्हाळावर जळव्याला विचारा, चिपाड कमी पडलं की चुलवाण कशानं पेटवायचं या काळजीत तो असतो. साखर कारखान्यात बगॅसवर, म्हणजे चिपाडावरच, बॉयलर चालतो, वीज होते, कागदवाले वेगळे मागतात. सिसिलीत संत्र्याच्या रसाचे कारखाने आहेत, ओल्या चोथ्याचे डोंगर पडायचे आणि ते टाकायला पैसे जायचे म्हणून २०१४ ला तिथल्या दोघी मुलींनी त्यातनं सेल्युलोज काढून कापड करायची कंपनी सुरू केली, फेरागामोसारख्या ब्रँडनं २०१७ ला त्याचे कपडे आणले. त्यांचं गणित जमतंय कारण चोथा एका जागी आयता मिळतो. आपण संत्रं सोलून खातो, साल घरोघरच्या बादलीत, ती गोळा कोण करत बसणार. तेव्हा कुठली गोष्ट कुठं वाया जाते हे बघूनच असं लिहावं.

शाहू महाराजांनी १९०६ साली ज्या गावात मिल काढली, ज्या जिल्ह्यात इचलकरंजी आहे, तिथल्या वाचकाला सूत कळतं, त्याला नुसतं 'वाव' म्हणायला लावू नका. माझं म्हणणं एवढंच की पुरवणीत पुढच्या वेळेला असा लेख घ्याल तेव्हा प्रत्येक कापडापुढं दोन गोष्टी छापा, धागा सोडवून काढलाय का विरघळवून, आणि कापडात तो किती टक्के. टक्केवारी छापायचा नियम आपल्याकडं १९८८ पासून आहेच, पाळतंय कोण ते वेगळं. आणि एवढं करणार असाल तर अजून एक करा, तुमच्या वार्ताहराला आपल्या कोल्हापूरच्या गांधीनगरला आणि महाद्वार रोडला कापडाच्या दुकानांत पाठवून 'बांबू', 'केळी', 'मिल्क' अशा नावाचे चार-पाच नग पक्क्या बिलासकट विकत घ्यायला सांगा आणि एखाद्या टेक्स्टाईल लॅबमधनं तपासून आणा, इचलकरंजीत टेक्स्टाईलचं कॉलेज हाताच्या अंतरावर आहे. जो रिपोर्ट येईल तो दुकानाचं नाव न घालता छापला तरी चालेल.

कळावे,
एक क्रोशेवाली वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर

ता.क. - धागा जाळून बघणाऱ्यांनी तो चिमट्यात धरून मोरीत किंवा सिंकवर जाळावा, हातात धरून नाही, ॲक्रिलिक वितळून थेंब पडतो आणि कातडीला चिकटतो. आणि बांबूचं रेयॉन का लाकडाचं रेयॉन हे जाळून कळत नाही, दोन्ही कागदासारखंच जळतं, त्यासाठी दुकानदाराकडं बिलच मागायला लागतं.